पाकिटावरचा नियम कोण लिहितो?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नागरिकशास्त्र शिकवत. कायदा संसद करते, हे आपण सगळे त्याच विषयात शिकलो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. संसद कायदा करते आणि त्याचा सांगाडा उभा राहतो. त्यावर मांस चढते ते नियमांनी, विनियमांनी आणि मानकांनी. बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकाचा अंश किती चालेल, फरसाणाच्या पाकिटावर मिठाचे प्रमाण कुठल्या बाजूला आणि केवढ्या अक्षरांत छापायचे, हे लोकसभेत ठरत नाही. ते समितीत ठरते. त्या समितीच्या टेबलाभोवती कोण बसते, आणि ज्यांच्या मालासाठी नियम करायचा त्या उद्योगांनी तिथे कोणत्या नात्याने यावे, हा आजचा विषय आहे. हाच प्रश्न औषधांच्या, मोटारींच्या आणि बँकांच्या बाबतीतही विचारता येईल. मी अन्नापुरते बोलणार आहे, कारण या सभागृहातला प्रत्येक जण आज सकाळपासून त्या नियमांखाली काही ना काही खाऊन आला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. उद्योगांना बाहेर ठेवून नियम करावेत, असे मी म्हणणार नाही. तसे केलेले नियम वाईट असतात. तेल किती तापते, पाकीट बंद करताना आत कोणता वायू भरतात, साखर कमी केली तर बिस्किटाचा खुसखुशीतपणा कशाने टिकवायचा, हे कारखान्यात काम करणाऱ्यालाच नीट माहीत असते. सरकारी कचेरीला ते विचारल्याशिवाय कळत नाही. आणि नियामक मनमानी करतो तेव्हा त्याला अडवण्याचे कामही अनेकदा उद्योगांनीच केले आहे. मे २०१३ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, नव्या उत्पादनांना आधी मंजुरी घ्यावी असे बंधन एका साध्या सूचनापत्राने घातले. अन्न सुरक्षेच्या कायद्यात विनियम करण्याची रीत ठरलेली आहे. मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, केंद्राची मान्यता घ्यायची, झालेला विनियम संसदेपुढे ठेवायचा. यातले काहीच झाले नव्हते. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स ही कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जून २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की अशा सूचनापत्राला कायद्याचे बळ नाही, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. माझ्या मते हा निकाल योग्य होता. नियम करणाऱ्यानेही नियमानेच वागले पाहिजे, हे त्या दिवशी एका कंपनीमुळे ठरले.

तेव्हा उद्योगाने बोलावे का, हा वादाचा मुद्दाच नाही. त्याने कुठे बसून बोलावे, हा आहे.

आता २००३ सालात चला. फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाटलीबंद पाण्याची तपासणी जाहीर केली. दिल्ली परिसरातले आणि आपल्या मुंबई परिसरातले ब्रँड घेतले होते. बहुतेकांत कीटकनाशकांचे अंश सापडले. लोकांना धक्का बसला, कारण बाटलीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह होते आणि २००१ पासून ते सक्तीचे होते. मग चिन्ह खोटे होते का? नव्हते. इथे मी जरा थांबणार आहे, कारण नियम आतून कसा पोकळ होतो ते यात हाताला लागते.

त्या वेळच्या मानकात लिहिले होते की कीटकनाशकांचा अंश ‘आढळण्याच्या मर्यादेखाली’ असावा. वाचणाऱ्याला वाटेल, याहून कडक नियम कोणता? अजिबात आढळता कामा नये! पण आढळते की नाही हे तपासायच्या पद्धतीवर अवलंबून असते, आणि मानकाने जोडलेल्या पद्धती अशा होत्या की पाण्यात ज्या सूक्ष्म प्रमाणात कीटकनाशके असतात, ती त्यांना दिसतच नसत. जाड चाळणीने बारीक रवा चाळावा आणि वर काही उरले नाही म्हणून समाधान मानावे, तसे ते होते. नियमाच्या मुख्य वाक्यात कुणी काही मऊ केले नव्हते, मऊपणा मागच्या परिशिष्टात होता. वर्तमानपत्रात वाक्य छापले जाते, परिशिष्ट कोणी छापत नाही. गाजावाजा झाल्यावर केंद्राने त्याच वर्षी आकडे घातले. एका लिटरमध्ये एका कीटकनाशकाचा अंश ०.०००१ मिलिग्रॅमच्या वर नको, सगळी मिळून ०.०००५ च्या वर नको. १ जानेवारी २००४ पासून ते लागू झाले. त्यासाठी लागणारी उपकरणे आणि पद्धती काही त्या काही महिन्यांत जन्माला आल्या नव्हत्या, जगात त्या होत्याच. म्हणजे अडचण विज्ञानाची नव्हती.

ऑगस्ट २००३ मध्ये त्याच संस्थेने शीतपेयांकडे मोर्चा वळवला. कोका-कोला आणि पेप्सिको या दोन कंपन्यांची बारा पेये तपासली. लिंडेन, डीडीटी, मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस अशी नावे लोकांच्या तोंडी झाली. एरवी एकमेकींच्या जाहिरातींवर तुटून पडणाऱ्या या दोन कंपन्यांनी तेव्हा एकत्र पत्रकार परिषद घेतली. संसदेने संयुक्त समिती नेमली आणि अध्यक्ष होते शरद पवार. स्वतंत्र भारतातली ही चौथी संयुक्त संसदीय समिती. आधीच्या तीन बोफोर्स आणि शेअर बाजारातल्या दोन घोटाळ्यांवर होत्या. लोकांच्या आरोग्यासाठी अशी समिती पहिल्यांदाच बसत होती. फेब्रुवारी २००४ मध्ये तिने अहवाल दिला, पेयांत अंश असल्याचा संस्थेचा निष्कर्ष बरोबर ठरवला आणि शीतपेयांसाठी स्वतंत्र मानके करा असे सांगितले.

एवढ्या मोठ्या समितीने सांगितल्यावर काम महिन्या-दोन महिन्यांत व्हायला हवे होते. पण मानक ब्युरोच्या तांत्रिक समितीत चर्चा लांबत गेली. कंपन्यांचे म्हणणे होते की तयार पेयाला मर्यादा लावू नका, त्यात जाणाऱ्या पाण्याला आणि साखरेला लावा, कारण तयार पेय हे गुंतागुंतीचे मिश्रण आहे आणि त्यात तपासणी खात्रीची होत नाही. हा मुद्दा निव्वळ बहाणा होता असे मी म्हणणार नाही. त्यात शास्त्राचा एक खरा प्रश्न होता. पण खरा प्रश्नही किती वेळा परत परत विचारायचा, याला काही मर्यादा असते. अभ्यास झाला की त्याचा फेरअभ्यास, समिती झाली की तिच्यावर दुसरी समिती. ऑगस्ट २००६ मध्ये त्या संस्थेने पुन्हा नमुने तपासले आणि ब्युरोच्या प्रस्तावित मर्यादेच्या सरासरी चोवीस पट अंश सापडल्याचे जाहीर केले. तयार झालेली मानके तोवर अमलात आलेली नव्हती. नियम मोडण्यापेक्षा नियम लांबवणे सोपे असते. मोडला तर दंड होतो, लांबवला तर काहीच होत नाही.

याच काळात संसदेने आठ जुने कायदे आणि आदेश एकत्र करून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ केला. त्या कायद्याचे तेरावे कलम माझ्या आजच्या बोलण्याचा कणा आहे. प्राधिकरणाला सल्ला देणाऱ्या शास्त्रीय तज्ज्ञ मंडळांत स्वतंत्र वैज्ञानिक तज्ज्ञ असतील, असे ते कलम सांगते. आणि पुढे सांगते की मंडळ आपल्या चर्चेला संबंधित उद्योगांचे आणि ग्राहकांचे प्रतिनिधी बोलावील. दोन वेगवेगळ्या जागा. मत तज्ज्ञांचे, म्हणणे सगळ्यांचे. साक्षीदाराला मानाने बोलवा, त्याचे सगळे ऐका, लिहून घ्या. निकाल लिहायला मात्र त्याला बसवू नका. ज्या कोणी हे कलम लिहिले, त्याने ते विचाराने लिहिले आहे.

प्रत्यक्षात काय झाले? प्राधिकरणाने पहिली मंडळे नेमली तेव्हा शीतपेये आणि पाकीटबंद पदार्थ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे अधिकारी थेट सदस्य म्हणून बसवले गेले. पाकिटावर काय छापायचे आणि जाहिरातीत कोणते दावे करायचे, हे ठरवणाऱ्या मंडळातही ते होते. शीतपेयांवरची एक जनहित याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात होती, तिच्यात हा मुद्दा मांडला गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यायालयाने सांगितले की हे तेराव्या कलमाला धरून नाही, मंडळे नव्याने नेमा. तशी ती नेमली गेली. त्याच याचिकेच्या २०१३ च्या अंतिम निकालात न्यायालयाने सुरक्षित अन्नाचा संबंध थेट घटनेच्या २१ व्या कलमाशी, जगण्याच्या हक्काशी जोडला.

कायदा स्पष्ट होता आणि तरी हे घडले. असे का होते? मला वाटते, कुणाच्या मनात काळेबेरे असल्यामुळेच होते असे नाही. अधिकाऱ्याला काम वेळेत संपवायचे असते. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला पत्र पाठवले तर उत्तर यायला महिना लागतो. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी विमानाने येतो, सोबत तक्ते, परदेशी मानकांच्या प्रती आणि तयार मसुदा आणतो. मसुदा ज्याच्या हातात तयार असतो, चर्चा त्याच्याच मसुद्यावर होते. बाकीचे दुरुस्त्या सुचवत राहतात.

अन्नाच्या शेजारचेच एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या राज्याशी जोडलेले आहे. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के भागात धोक्याचे चित्र असावे, अशी अधिसूचना ऑक्टोबर २०१४ मध्ये निघाली. १ एप्रिल २०१५ पासून ती लागू व्हायची होती. लोकसभेची एक समिती नेमके हेच काम करते, की सरकारने केलेले नियम तपासायचे. तिचे अध्यक्ष तेव्हा अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी होते. समितीने नियम थांबवायला सांगितले. तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, असे अध्यक्षांनी जाहीरपणे म्हटले. समितीतले एक खासदार स्वतः बिडीचे मोठे उद्योजक होते. आणि हे कधी? त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, आपले आबा, तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. परळच्या टाटा रुग्णालयातले डॉक्टर वर्षानुवर्षे भारतीय रुग्णांच्याच जबड्यांवर शस्त्रक्रिया करत होते. नियम एक वर्ष अडला. २०१६ मध्ये समितीने ५० टक्के पुरे असे सुचवले, पण तोवर देशभर इतका ओरडा झाला होता की सरकारने १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्केच लागू केले. बिडी वळणाऱ्या बायकांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्या वादात सारखा पुढे केला जात होता. सोलापूर, सिन्नर, नगर इथल्या त्या बायकांचा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर त्यांना दुसरे काम आणि चांगली मजुरी देण्यात आहे, चित्र लहान करण्यात नाही.

आता आजच्या, चालू असलेल्या गोष्टीकडे येतो. घरी गेल्यावर स्वयंपाकघरातले कुठलेही बिस्किटांचे किंवा वेफर्सचे पाकीट हातात घ्या. पुढच्या बाजूला दुधाची धार, गव्हाच्या लोंब्या, हसरे मूल. पाकीट उलटे करा. शिवणीजवळ, घडीच्या आत अर्धे गेलेले, एक चौकोनी कोष्टक दिसेल. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, त्यातली साखर, स्निग्धांश, सोडियम. आकडे बहुधा शंभर ग्रॅमला. पाकीट असते साठ-सत्तर ग्रॅमचे. कोष्टकात मीठ म्हणून काही लिहिलेले नसते, सोडियम असते. बहुतेक वेळा सगळे इंग्रजीत. चष्मा असलेल्या, शिकलेल्या माणसालाही ते दुकानात उभ्याने जमत नाही, मग पाच रुपयांचे पाकीट घेणाऱ्या पोराला काय जमणार?

यावर तोडगा म्हणजे पुढच्या बाजूला स्पष्ट खूण. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक मर्यादेबाहेर असतील तर पुढच्या बाजूला काळा अष्टकोन सक्तीचा केला, आणि मेक्सिकोने २०२० मध्ये तीच वाट धरली. आपल्याकडे एप्रिल २०१८ मध्ये मसुदा आला, त्यात मर्यादेबाहेरचे घटक लाल रंगात दाखवायचे होते. उद्योगांनी विरोध केला, मसुदा पुन्हा विचारासाठी मागे गेला. २०१९ मध्ये दुसरा मसुदा आला. मग बैठका झाल्या, पाहणी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिसरा मसुदा आला, त्यात लाल रंग गेला आणि तारे आले. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत.

ताऱ्यांचे गणित समजून घ्या, कारण पुन्हा परिशिष्टातच सगळे आहे. साखर, मीठ, संपृक्त चरबी आणि उष्मांक यांचे वाईट गुण मोजायचे. फळे, भाज्या, डाळी, सुकामेवा, चोथा, प्रथिने यांचे चांगले गुण मोजायचे. दोन्ही एकमेकांतून वजा करायचे. म्हणजे साखर तेवढीच ठेवून थोडा चोथा आणि थोडी प्रथिने मिसळली की तारे वाढू शकतात. मधुमेही माणसाच्या रक्तातली साखर मात्र त्या चोथ्यातून वजा होत नाही. त्याला साखर किती आहे एवढेच हवे असते, आणि तारा नेमके तेच झाकतो. शिवाय वाईट मालालाही निदान अर्धा तारा मिळतोच, आणि आपल्याकडे तारा ही शाबासकीची खूण आहे. वर, अंतिम अधिसूचनेनंतर पहिली चार वर्षे हे ऐच्छिक! ज्याचा माल चांगला तो तारे लावील, ज्याचा वाईट तो कशाला लावील? मला हा मसुदा मान्य नाही, आणि तो ज्या दिशेने सरकत सरकत इथवर आला, ती दिशा ग्राहकाच्या सोयीची नव्हती असे माझे ठाम मत आहे.

या मसुद्यावर चौदा हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या विचारात घेऊन तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले, आणि जुलैत आणखी तीन महिने दिले. मूल पहिलीत असताना आलेला पहिला मसुदा, ते आठवीत गेले तेव्हाही अंतिम झाला नव्हता.

चौदा हजार हा आकडा मला मोलाचा वाटतो, पण हरकत नोंदवायची कशी हेही सांगायला हवे. मसुदा राजपत्रात येतो, हिंदीत आणि इंग्रजीत. हरकतींना साधारण साठ दिवस मिळतात. म्हणणे कोष्टकात भरायचे असते. कलम कोणते, बदल कोणता सुचवता, त्यामागचे शास्त्रीय कारण काय, पुरावा काय. मोठ्या कंपनीत एवढ्या एका कामासाठी वेगळा विभाग असतो, पगारी माणसे असतात, उद्योगसंघटनांची कार्यालये असतात. इस्लामपूरच्या गृहिणीकडे किंवा जव्हारच्या आश्रमशाळेतल्या मुख्याध्यापकांकडे यातले काय असते? आणि लहान उद्योगाकडे तरी काय असते? पापड-कुरडया करणारा बचत गट, गल्लीतला फरसाणवाला, हेही खाजगी उद्योगच आहेत. पण ‘उद्योगांशी चर्चा झाली’ असे इतिवृत्तात लिहिले जाते तेव्हा त्यात ते नसतात. मोठ्यांना परवडेल असा नियम लहानांना अनेकदा बुडवतो, आणि मोठ्यांची त्याला फारशी हरकत नसते.

म्हणून मी काही मोजक्या गोष्टी मागतो. प्रत्येक समितीत कोण आहे, त्याचा कोणत्या कंपनीशी किंवा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेशी काय संबंध आहे, हे नावासकट आणि वेळेवर जाहीर व्हावे. उद्योगाने दिलेला प्रत्येक कागद, मग तो मसुदा असो, अभ्यास असो की साधे पत्र, लोकांना पाहता यावा. बैठकीत काय ठरले यासोबत कोणत्या युक्तिवादामुळे ठरले हेही इतिवृत्तात यावे. एखादा अभ्यास फक्त कंपन्यांनीच केलेला असेल तर त्यावर निर्णय घेण्याआधी सरकारी पैशातून दुसरा करून घ्यावा. आणि मसुदा राज्यभाषांत यावा. मराठीत चांगला मसुदा करून देणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. यातले काहीही महागडे नाही. टाटा रुग्णालयात एका रुग्णावर जो खर्च होतो, तो कधी विचारून पाहा.

शेवटची गोष्ट. याच कायद्याचे अठरावे कलम सांगते की नियम करताना लोकांशी खुली आणि पारदर्शक चर्चा व्हावी, थेट किंवा प्रातिनिधिक संस्थांमार्फत, आणि त्या संस्थांत सर्व स्तरांवरच्या पंचायती येतात. पंचायती! कायद्यात लिहिलेले आहे. पाकिटावर कोणती खूण हवी, यावर म्हणणे मांडण्याचा मान कायद्याने आपल्या गावाला दिला आहे. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. आज इथे सरपंच बसले आहेत, जिल्हा परिषदेचे सदस्य बसले आहेत, ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते आहेत. माझी त्यांना विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या. शाळेजवळच्या दुकानातली चार-पाच पाकिटे सभेत आणा, मागची कोष्टके मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि साखर, मीठ, चरबी जास्त असेल तर पुढच्या बाजूला आमच्या भाषेत सक्तीचा इशारा हवा, असा ठराव करून दिल्लीला प्राधिकरणाकडे पाठवा. त्याची पोच मागा, आणि पोच आली नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. ठरावाचा नमुना मी लिहून आणला आहे, व्याख्यान संपल्यावर दाराशी ठेवतो. प्रत्येकाने एक प्रत घेऊन जावी.